वादळ, व्हॅन आणि दहा मिनिटं

शुक्रवारी संध्याकाळी लॉग-आऊट, शनिवारी पहाटे पाचला पुण्याबाहेर... प्लॅन एकदम सही होता! भाड्याची कॅम्पर व्हॅन, मागे दोन बंक, एक छोटी शेगडी. आणि आम्ही तिघं : मी, नवरा आणि माझा धाकटा भाऊ. नगरवरून (आता अधिकृतपणे अहिल्यानगर) शेवगाव गाठायचं, पुढे घोटणचं जुनं मल्लिकार्जुन मंदिर बघायचं आणि रात्री नाथसागराच्या काठी मुक्काम ठोकायचा. नाथसागर म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा अफाट जलाशय. त्याचं पाणी पार शेवगाव तालुक्यात शिरलंय.

महिना मे. जागा काय मिळाली होती म्हणून सांगू! समोर पाणी, डोक्यावर बाभूळ, शेजारी कोरडा ठणठणीत ओढा. खुर्च्या मांडल्या, चहा ठेवला. चारच्या सुमारास मोबाइलवर 'दामिनी'चा अलर्ट वाजला. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं हे विजांची सूचना देणारं अॅप. 'मे महिन्यात हे रोजचंच,' म्हणत आम्ही तो अलर्ट चक्क बाजूला सारला.

तेवढ्यात मोटरसायकलवरून एक काका आले. "ताई, गाडी काढा हितून. झाडाखाली नगं, वढ्याजवळ तर बिलकूल नगं. माझ्यामागं या."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. आता हे जागेचे पैसे मागणार! खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच आलं. पण काकांनी बोट दाखवलं तिकडचं आभाळ शाईसारखं झालं होतं. आम्ही सामान गोळा करेपर्यंत ते उभे राहिले. चांगली दहा मिनिटं. मग त्यांनी आम्हाला गावातल्या स्लॅबच्या समाजमंदिरापाशी नेलं, पत्र्याच्या शेडपासून लांब गाडी लावायला लावली, तिचं तोंड वाऱ्याकडे करवलं आणि सुसाट निघून गेले.

आधी वारा आला. वळवाचा फंडाच असा आहे. दिवसभर तापलेल्या जमिनीवरची दमट हवा झपाट्यानं वर चढते, दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो आणि मग त्यातली गार हवा धाडकन खाली आपटून चहूकडे पसरते. म्हणून पावसाआधी धूळ! व्हॅन पाळण्यासारखी हलायला लागली. मग गारा. पत्र्याच्या डब्यात बसलोय आणि वरून कुणीतरी खडी ओततंय, असा आवाज. भाऊ वीज चमकली की आकडे मोजत होता. तीन सेकंदांना एक किलोमीटर. बारा... सात... तीन... पुढे त्यानं मोजणं सोडून दिलं. एरवी मीटिंगमध्ये बॉसला गप्प करणारी मी, नवऱ्याचा हात घट्ट धरून बसले होते.

बाहेरची ताडपत्री सुटून फडफडायला लागली, तेव्हा भाऊ दार उघडायला उठला. नवऱ्यानं त्याची कॉलर धरून खाली बसवलं. "ताडपत्री गेली तर गेली!" पाऊण तासानं सगळं शांत झालं.

सकाळी जुन्या जागेवर गेलो. बाभळीची मोठी फांदी खाली आलेली आणि कोरडा ओढा गढूळ पाण्यानं वाहत होता. घाईत विसरलेली खुर्ची गायब! ऑगस्ट २०२१च्या अखेरीस अतिवृष्टीनं शेवगाव-पाथर्डी भागातल्या नद्या-ओढ्यांना मोठा पूर आला होता. इथली माणसं कोरड्या ओढ्याकडेही का वचकून बघतात, ते आत्ता कळलं.

काकांचं शेत पलीकडेच होतं. काढून ठेवलेला कांद्याचा ढीग, अर्धा झाकलेला, अर्धा भिजलेला.

"कागद टाकायला जरा येळ झाला," ते म्हणाले. बस्स, एवढंच.

तो 'जरा येळ' म्हणजे आमचीच ती दहा मिनिटं. मी काही बोलूच शकले नाही. नाथसागरची फोटोग्राफी बोंबलली ती बोंबललीच. दुपारपर्यंत आम्ही तिघं त्यांच्या घरच्यांबरोबर भिजलेला कांदा निवडत, सुकायला पसरत बसलो. पैसे देऊ केले तर काकांनी हात जोडले. निघताना उलट त्यांनीच विचारलं, "रात्री झोप लागली का, ताई?"

सोमवारी ऑफिसात सगळ्यांना वादळाची स्टोरी रंगवून सांगितली. कांद्याचं मात्र कुणाला सांगवलं नाही. म्हणून इथे लिहिलं.

व्हॅनमध्ये वादळानं गाठलं तर...

• झाड, होर्डिंग, पत्र्याची शेड, विजेचे खांब यांपासून लांब थांबा. ओढ्या-नाल्यात किंवा काठावर कधीच नको.

• गाडीचं तोंड वाऱ्याकडे ठेवा. आडव्या वाऱ्यात उंच गाडी कलंडू शकते.

• धातूच्या बॉडीची बंद गाडी विजेपासून बरीच सुरक्षित. काचा वर, हात धातूपासून दूर. फायबरच्या बॉडीला किंवा कापडी छताला हे लागू नाही.

• गॅसचा नॉब बंद, बाहेरची ताडपत्री आधीच गुंडाळलेली.

• शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

• आणि गावातलं कुणी 'इथून निघा' म्हणालं, तर लगेच निघा!