मुलाच्या छातीचा एक्स-रे : चिठ्ठीत काय विचारलेले असते

बालरोगतज्ज्ञाने छातीच्या एक्स-रेसाठी दिलेल्या चिठ्ठीत दोन गोष्टी अपेक्षित असतात : फोटो कोणत्या बाजूने घ्यायचा आणि तो कशासाठी घ्यायचा. पहिली ‘पीए’ किंवा ‘एपी’ या अक्षरांत येते. पीए म्हणजे किरण पाठीतून शिरून छातीकडून बाहेर पडतात, आणि उभ्या राहू शकणाऱ्या मुलाचा फोटो सहसा असाच घेतात. तान्ह्या बाळाला मात्र उताणे निजवून समोरून फोटो घेतला जातो, तो एपी. या दुसऱ्या प्रकारात हृदयाची सावली प्रत्यक्षाहून मोठी पडते, शिवाय लहान वयात हृदयाच्या वरच्या बाजूला थायमस ही रोगप्रतिकारक पेशी घडवणारी ग्रंथी ठळक असते. त्यामुळे फिल्म उजेडाकडे धरून घरीच निदान करू पाहणाऱ्यांची फसगत ठरलेली.

दुसरी गोष्ट, म्हणजे डॉक्टरांची शंका, अधिक मोलाची असूनही ती जागा अनेकदा कोरी राहते, हे खरोखर चिंतेचे आहे. शेंगदाणा खाताना मुलाला ठसका लागला आणि नंतर खोकला थांबेना, अशा वेळी एक्स-रेमध्ये दाणा सहसा दिसतच नाही. दिसतो तो त्याचा परिणाम : श्वासनलिकेच्या फांदीत दाणा झडपेसारखा अडकला, तर श्वास घेताना हवा आत जाते, सोडताना मात्र कोंडते, आणि त्या बाजूचे फुप्फुस फुगून फिल्मवर अधिक काळे उमटते. काही मुलांचा फोटो तर अगदी नॉर्मल येतो, तरीही ठसक्याची हकीकत ठाम असेल तर ब्राँकोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी, करावी लागते. म्हणूनच ती हकीकत पालकांनी आपणहून सांगायला हवी आणि चिठ्ठीवर ती लिहिलेली असायला हवी.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला वा ताप, घटलेले वजन किंवा घरात क्षयरोगी असणे, या कारणांसाठीही एक्स-रे सांगितला जातो. लहान मुले बेडका थुंकण्याऐवजी गिळतात, त्यामुळे तो तपासायला मिळणे अवघड असते, म्हणून फुप्फुसाच्या मुळाशी वाढलेल्या गाठींची सावली महत्त्वाचा पुरावा ठरते. तथापि शक्य असेल तेथे जठरातील द्रवाची सीबीनॅट, म्हणजे क्षयजंतूंचा जनुकीय अंश शोधणारी, चाचणी करून खात्री केली जाते.

याउलट साध्या सर्दी-खोकल्यात, किंवा घरीच उपचार करता येतील अशा सौम्य न्यूमोनियात, फोटोची सहसा गरज नसते. किरणांची भीती मात्र अवाजवी आहे : एका फोटोत सुमारे 0.02 मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून तीन-एक दिवसांत मिळणाऱ्या किरणोत्साराइतकीच मात्रा मिळते. मुलाला धरून ठेवावे लागलेच, तर धरणाऱ्याने शिशाचा एप्रन घालावा, आणि गरोदर आईने हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

जुनी फिल्म जपून ठेवल्यास तुलनेला उपयोगी पडते. न्यूमोनिया बरा झाल्यावरही फिल्मवरचा डाग काही आठवडे टिकू शकतो, तेव्हा ताप उतरून मूल खाऊ-खेळू लागले असेल तर निव्वळ खात्रीसाठी पुन्हा फोटो काढण्याचा आग्रह पालकांनी धरू नये.