विश्लेषण : ‘नव्वद नंबर’चा एकच डबा सगळ्या गाड्यांना चालतो का?

ट्रॅक्टर, जीप, टेम्पो आणि आता सेकंड हॅण्ड स्पोर्ट्स कार. मुखेडसारख्या तालुक्याच्या गावात या सगळ्या गाड्या एकाच गॅरेजसमोर उभ्या राहू शकतात. पण प्रत्येकीच्या गिअरबॉक्सला लागणारे ऑइल सारखे नसते. चुकीच्या डब्याचा परिणाम त्या दिवशी दिसत नाही. काही महिन्यांनी गिअर टाकताना कचकच सुरू होते आणि मग गिअरबॉक्स उघडण्यावाचून इलाज उरत नाही. योग्य ऑइल कसे निवडायचे, याविषयी…

हा प्रश्न आताच का?

मॅन्युअल गिअरच्या वेगवान गाड्यांचे महाराष्ट्राशी जवळचे नाते आहे. मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाने २००१ पासून ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली. २००४ मध्ये तिची ‘आरएस’ ही आवृत्ती आली. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स ही तिची ओळख. पुढे २०१५ मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून १.४ लिटर टर्बो इंजिनाची अबार्थ पुंटो बाहेर पडली. दोन्ही गाड्यांचे उत्पादन कधीच थांबले. पण हौशी मंडळी आजही त्या शोधून विकत घेतात.

अशा गाड्या शहरातून तालुक्याच्या गावी आल्या की अडचण सुरू होते. जवळपास कंपनीचे सर्व्हिस सेंटर नसते, गाडीचे बुक हरवलेले असते आणि दुकानात गिअर ऑइल मागितले की ‘नव्वद नंबर’ किंवा ‘एकशे चाळीस नंबर’ पुढे येते. हे आकडे खोटे नाहीत, पण अपुरे आहेत. बंद झालेल्या मॉडेलचा गिअरबॉक्स खराब झाला तर सुटे भाग मिळवणे हेच मोठे काम होऊन बसते.

गिअरबॉक्समध्ये ऑइल नेमके काय करते?

गिअरबॉक्समधले ऑइल दोन उलटसुलट कामे करते. दातरे एकमेकांवर घासतात तिथे त्याने निसटते राहायचे. पण गिअर बदलताना सिंक्रो रिंग दातऱ्याच्या निमुळत्या कडेवर दाबली जाते, तिथे त्याने पटकन बाजूला सरून रिंगला पकड घेऊ द्यायची.

ही रिंग अनेक गाड्यांत पितळेची असते. दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना शाफ्ट आणि नवा दातरा वेगवेगळ्या गतीने फिरत असतात. रिंग घर्षणाने दोघांची गती सारखी करते आणि मगच गिअर आवाज न करता पडतो. स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन जास्त फेऱ्यांवर फिरते आणि चालक गिअरही झपाट्याने बदलतो. त्यामुळे क्षणभरात मोठा फरक भरून काढण्याचा भार याच रिंगवर येतो. ऑइल फार निसटते असेल तर रिंग घसरते, फार घट्ट असेल तर वेळेवर पकड घेत नाही. दोन्ही वेळी परिणाम एकच, कचकच आणि झिजलेली रिंग.

जीएल-४ आणि जीएल-५ यांत फरक काय?

डब्यावर ‘जीएल’ या अक्षरांपुढे येणारा आकडा अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीचा असतो. तो ऑइलचा जाडपणा दाखवत नाही. दातऱ्यांवर प्रचंड दाब आला तर ऑइल किती संरक्षण देते, हे त्यावरून कळते. हे संरक्षण गंधक आणि फॉस्फरस असलेल्या रसायनांतून मिळते. जीएल-५ मध्ये त्यांचे प्रमाण जीएल-४ च्या साधारण दुप्पट असते.

पाच हा आकडा चारपेक्षा मोठा, म्हणून जीएल-५ जास्त चांगले, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. जीएल-५ मुख्यतः डिफरन्शियलसाठी आहे. तिथल्या हायपॉइड पद्धतीच्या क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर जोराने आडवे सरकतात. ही रसायने धातूच्या पृष्ठभागावर थर तयार करतात. पोलादाला तो थर वाचवतो, पण पितळ मऊ असते आणि त्यावर हीच रसायने जाच करतात. ऑइल तापल्यावर गंधक तांब्याच्या मिश्रधातूंवर परिणाम करू लागते. आजची चांगली जीएल-५ ऑइल याबाबत पूर्वीपेक्षा सौम्य आहेत. तरी सिंक्रो रिंगसाठी ती अनेकदा जास्त निसटती ठरतात, हा मुद्दा उरतोच.

बोलेरो किंवा थार यांसारख्या गाड्यांत गिअरबॉक्स वेगळा आणि मागचा डिफरन्शियल वेगळा असतो. त्यामुळे एकाच गाडीत दोन ठिकाणी दोन प्रकारची ऑइल लागू शकतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ऑक्टाव्हिया किंवा पुंटोमध्ये डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच घरात बसवलेला असतो. पण त्याचे दात हायपॉइड पद्धतीचे नसतात. म्हणून तिथे जीएल-५ चा आग्रह धरण्याचे कारण नाही. याला अपवादही आहेत. सुबारूच्या काही गाड्यांत गिअरबॉक्स आणि हायपॉइड डिफरन्शियल एकाच ऑइलवर चालतात आणि कंपनीच जीएल-५ सांगते. अशा वेळी कंपनीचे ऐकावे.

उन्हाळा कडक, मग घट्ट ऑइल घालावे का?

मे महिन्यात नांदेड-लातूर पट्ट्यात पारा ४२ अंशांपुढे जातो. त्यामुळे ‘आपल्याकडे घट्टच ऑइल बरे’ असा सल्ला मिळतो. तो तपासून पाहण्यासारखा आहे.

‘७५ डब्ल्यू-९०’ या खुणेत दोन गोष्टी असतात. ‘डब्ल्यू’ आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा. ७५ डब्ल्यू उणे ४० अंशांपर्यंत, तर ८० डब्ल्यू उणे २६ अंशांपर्यंत कामापुरते वाहते. मुखेडला एवढ्या थंडीची चिंता नाही. दुसरा आकडा १०० अंश तापमानातल्या जाडपणाचा. ९० नंबरचे ऑइल तेव्हा १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक असते, १४० नंबरचे किमान २४. आता मुद्दा असा, की धावत्या गाडीचा गिअरबॉक्स तसाही बाहेरच्या हवेपेक्षा बराच तापलेला असतो आणि ते गृहीत धरूनच कंपनीने आकडा ठरवलेला असतो. हवा दहा अंशांनी जास्त तापली म्हणून ९० च्या जागी १४० घालण्याची गरज नसते. उलट सकाळी पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी हट्ट करते, सिंक्रो रिंग उशिरा पकडते आणि इंजिनाची शक्तीही ऑइल घुसळण्यात वाया जाते.

गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांचे आकडे वेगवेगळ्या मापाचे असतात, हेही लक्षात घ्यावे. ९० नंबरचे गिअर ऑइल ४० नंबरच्या इंजिन ऑइलइतकेच जाड असू शकते. म्हणूनच होंडाच्या काही जुन्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये कंपनीने इंजिन ऑइल वापरायला सांगितले होते. काही परदेशी स्पोर्ट्स कारच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तर ऑटोमॅटिकचे पातळ ऑइल चालते. त्यामुळे ‘गिअरबॉक्स म्हणजे नव्वद नंबर’ हे समीकरण धरून चालता येत नाही.

मग निवड कशी करावी?

पहिला आधार गाडीचे बुक. ते नसेल तर मॉडेल, वर्ष आणि इंजिन सांगून कंपनीच्या डीलरकडून गिअरबॉक्सच्या ऑइलचा भाग क्रमांक घ्यावा. नाव तेच म्हणून गिअरबॉक्सही तोच, असे समजू नये. ऑक्टाव्हिया आरएस नावाचीच २०१७ मध्ये आलेली गाडी डीएसजी गिअरबॉक्सची आहे आणि तिचे ऑइल पूर्ण वेगळे असते.

बुकात ‘७५ डब्ल्यू-९०, जीएल-४’ असेल तर नेमके तेच सिंथेटिक ऑइल मागवावे. तातडीची वेळ आली आणि तेच मिळाले नाही, तर ‘८० डब्ल्यू-९०, जीएल-४’ वर आपल्या हवामानात तात्पुरते भागू शकते. पण आकडे जुळतात म्हणून ‘७५ डब्ल्यू-९०, जीएल-५’ घालणे जास्त धोक्याचे. डब्यावर ‘जीएल-४/जीएल-५’ असे दोन्ही छापलेले असेल, तर ते पितळी सिंक्रोसाठी चालते का, हे ऑइल कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावे. ट्रॅक्टरच्या गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेक या तिन्हींसाठी एकत्र वापरले जाणारे ऑइल कारमध्ये घालू नये. डब्याचे सील शाबूत असावे आणि पक्के बिल घ्यावे.

बदलताना काय पाहावे?

गाडी थोडी चालवून ऑइल कोमट करावे आणि सपाट जागी उभी करावी. जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली शिरू नये, स्टँड किंवा रॅम्प वापरावा. आधी भरायचा नट सैल होतो का ते पाहावे, मगच खालचा नट खोलावा. वरचा नट गंजून बसला आणि खालून ऑइल निघून गेले, तर गाडी जागेवरच अडकते. अनेक गाड्यांत भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आले की पातळी बरोबर समजतात, पण बुकातली पद्धत वेगळी असेल तर ती पाळावी. नटाचे वॉशर नवे टाकावे.

निघालेले ऑइल फेकण्याआधी नीट पाहावे. नटाच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप असणे स्वाभाविक आहे, धातूचे तुकडे असणे नाही. सोनेरी चमक दिसली तर पितळी रिंग झिजत आहे असे समजावे. दुधाळ रंग म्हणजे आत पाणी शिरले आहे.

मुखेडकरांसाठी हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ऑगस्ट २०२५ च्या अतिवृष्टीत लेंडी धरणाच्या फुगवट्याचे पाणी रावणगाव, हसनाळ या गावांत शिरले, जीवितहानीही झाली. अशा पुरात बुडालेली किंवा खोल पाण्यातून काढलेली गाडी चालू झाली म्हणजे वाचली असे नाही. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात अचानक थंड होतो, आतली हवा आकसते आणि श्वासनळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. पाणी मिसळलेल्या ऑइलवर गाडी चालवली की बेअरिंग गंजतात. जुनी गाडी घेताना म्हणूनच गिअरबॉक्सचे थोडे ऑइल काढून दाखवायला सांगावे.

ऑइल बदलूनही गिअर अडत असेल तर?

तर दोष ऑइलचाच असेल असे नाही. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नसण्याची शक्यता जास्त. बंद इंजिनातही अडत असतील, तर गिअरची केबल किंवा लिंकेज तपासावे. फक्त एकाच गिअरला कचकच होत असेल, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असू शकते. झिजलेले पितळ कोणतेही ऑइल भरून काढत नाही. योग्य डब्याचा उपयोग ते झिजण्याआधी असतो.