उष्मापंपाच्या दुरुस्तीत प्रशीतकाची हाताळणी

बीड जिल्ह्याच्या पश्चिम भागात, अहिल्यानगरहून आष्टीकडे जाणाऱ्या मार्गावर कडा हे गाव आहे. हा सारा पट्टा अवर्षणप्रवण. पावसाचा भरवसा नसल्याने येथील शेतकऱ्याने दुभत्या जनावरांचा आधार धरला आहे. धारेचे दूध सुमारे ३५ अंश सेल्सिअस तपमानाचे असते आणि ते काही तासांच्या आत ४ अंशांपर्यंत उतरविले नाही तर नासते. संकलन केंद्रांवरील शीतटाकी हे काम करते. ही टाकी म्हणजे वस्तुतः एक उष्मापंपच होय. दुधातील उष्णता उचलून ती बाहेरच्या तापलेल्या हवेत टाकणे, म्हणजे उष्णतेला चढावर नेणे, हेच तिचे कार्य. शीतयंत्र व उष्मापंप यांत तत्त्वतः भेद नाही. कोणत्या बाजूचा उपयोग करावयाचा, एवढाच काय तो फरक.

एक हजार लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणावयाचे तर सुमारे ३५ किलोवॉट-तास उष्णता काढावी लागते. यंत्राचा कार्यगुणांक २.७ धरल्यास त्यासाठी १३ किलोवॉट-तास वीज पुरते. बाहेर पडणारी ४८ किलोवॉट-तास उष्णता पकडता आली तर तेवढ्याच पाण्याचे तपमान सुमारे ४० अंशांनी वाढविता येईल. भांडी धुण्यास गरम पाणी लागतेच, तेव्हा हा लाभ लहान नव्हे. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय उष्णतेची ही ने-आण करणारा पदार्थ, म्हणजे प्रशीतक, हा आहे. कारागीर त्याला नुसता ‘गॅस’ म्हणतात, आणि दुरुस्तीच्या वेळी तो ‘सोडून देतात’. या दोन शब्दांच्या मागे बराच इतिहास आहे.

आरंभीच्या शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असे वायू असत. ते विषारी होते, काही ज्वालाग्राहीही होते, आणि म्हणून त्यांना हाताळणारा मनुष्य सावध असे. १९३० साली टॉमस मिजली या अमेरिकन रसायनज्ञाने नव्या क्लोरोफ्लुओरोकार्बन वायूचा श्वास स्वतः घेऊन त्या उच्छ्वासाने मेणबत्ती विझवून दाखविली. वायू विषारी नाही आणि जळतही नाही, ही दोन्ही विधाने त्या एका फुंकरीत सिद्ध झाली. ती खोटी नव्हती. परंतु त्यांतून जी समजूत रुजली ती मात्र घातक ठरली. जो वायू दिसत नाही, ज्याला वास नाही व जो पेटत नाही, तो हवेत सोडल्याने काय बिघडणार, असे कारागिरांच्या पिढ्या मानीत आल्या. अमोनियाची गळती नाकाला आधी कळते. या नव्या वायूंनी ती सूचना देणेच बंद केले.

बिघडत होते ते पुष्कळ वर. १९७४ साली मोलिना व रोलँड यांनी हे वायू ओझोनचा थर नष्ट करतील असे दाखविले. १९८५ साली अंटार्क्टिकावरील ओझोनच्या ऱ्हासाचे निरीक्षण प्रसिद्ध झाले आणि १९८७ साली माँट्रिअल करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. क्लोरोफ्लुओरोकार्बन गेले, त्यांच्या जागी आलेला आर-२२ ही आता नव्या यंत्रांतून हद्दपार होत आहे. त्यानंतरच्या पिढीतील आर-१३४ए, आर-४०४ए, आर-४१०ए हे वायू ओझोनला अपाय करीत नाहीत, परंतु उष्णता कोंडून धरण्यात ते कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट आहेत. त्यांच्या वापराला आळा घालणारी किगाली दुरुस्ती २०१६ साली झाली. भारताने तिला २०२१ साली मान्यता दिली असून देशातील टप्प्याटप्प्याची कपात २०३२ पासून सुरू व्हावयाची आहे.

येथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, एखाद्या जुन्या शीतटाकीत ५ किलो आर-२२ आहे. शंभर वर्षांच्या मापाने त्याचा उष्णताकारक प्रभाव कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८१० पट धरतात. म्हणजे तो सगळा हवेत सोडणे हे सुमारे ९ टन कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे होय. वर सांगितलेली १३ किलोवॉट-तास वीज निर्माण करताना, दर किलोवॉट-तासास ०.७ किलो या दराने, ९ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे रोज हजार लिटर दूध थंड करीत पावणेतीन वर्षे यंत्र चालवून जेवढा भार वातावरणावर पडेल, तेवढा एका दुपारी झडप उघडून पाच मिनिटांत टाकता येतो. आर-४०४ए असल्यास हा आकडा दुपटीहून अधिक होईल.

वातावरणाचा प्रश्न दूरचा वाटला तरी कारागिराच्या देहाचा प्रश्न दूरचा नाही. आर-२२ चा उत्कलनबिंदू उणे ४०.८ अंश आहे. त्याचा द्रव त्वचेवर उडाला तर हिमदाह होतो, आणि डोळ्यात गेला तर दृष्टी जाण्याचा संभव असतो. म्हणून चष्मा आणि हातमोजे हे शोभेचे नव्हेत. ५ किलो द्रवाची ३० अंशांवर सुमारे १.४ घनमीटर वाफ होते, आणि ती हवेच्या सुमारे तिप्पट जड असल्याने खोलगट जागेत साचते. खड्ड्यात उतरून काम करणाऱ्याला कोणताही वास न येता प्राणवायू कमी पडतो. त्यातच नळी जोडण्यासाठी ज्योत पेटविली तर न जळणाऱ्या या वायूचेच विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड व हायड्रोजन फ्लुओराइड निर्माण होतात. घशात झोंबणारा उग्र वास आला की ज्योत विझवून बाहेर पडणे हाच मार्ग.

नव्या वायूंच्या बाबतीत तर जुनी सवय सरळ जिवावरच बेतते. सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथील गोदरेजच्या कारखान्यात जर्मन सहकार्याने प्रोपेनवर, म्हणजे आर-२९० वर, चालणारे वातानुकूल यंत्र तयार होऊ लागले व ते २०१२ साली बाजारात आले. वातावरणाच्या दृष्टीने प्रोपेन जवळजवळ निरुपद्रवी आहे, परंतु तो पेटतो. हवेत दर घनमीटरला ३८ ग्रॅम झाला की मिश्रण ज्वालाग्राही बनते. तीन मीटर लांब, रुंद व उंच अशा खोलीत ३५० ग्रॅम प्रोपेन सर्वत्र समप्रमाणात पसरला तर प्रमाण १३ ग्रॅमच राहील आणि धोका दिसणार नाही. पण प्रोपेन हवेहून जड आहे. तोच वायू जमिनीलगतच्या एक मीटर थरात साचला तर प्रमाण ३९ ग्रॅमवर जाते, आणि नेमके तेथेच विजेचे बटण वा मोटार असू शकते. शिवाय घरगुती गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम दुर्गंधी द्रव्य घालतात, तसे प्रशीतक म्हणून वापरावयाच्या प्रोपेनमध्ये नसते. नाकावर विसंबणाऱ्याला येथे नाक उपयोगी पडत नाही. गळतीमापक यंत्रच हवे.

आर-२२ च्या यंत्रात प्रोपेन भरण्याचा मोह काही दुरुस्तीकारांना होतो, कारण दोहोंचे दाब जवळपास सारखे आहेत. परंतु यंत्राचे स्विच व जोडण्या ज्वालाग्राही वायू लक्षात घेऊन केलेल्या नसतात. त्यात वजनाची चूक सहज होते. २५ अंशांस आर-२२ च्या द्रवाची घनता दर घनमीटरला सुमारे ११९० किलो, तर प्रोपेनची सुमारे ४९० किलो आहे, म्हणजे एका किलोच्या जागी सुमारे ४०० ग्रॅमच पुरे. जुन्या अंदाजाने भरणारा अडीचपट वायू भरून ठेवतो. असा बदल करूच नये हे उत्तम.

कामाचा क्रम साधा आहे, पण त्यातील प्रत्येक पायरीला वेळ लागतो. प्रथम दारेखिडक्या उघडून वीज बंद करावी. मग यंत्रातील वायू पुनर्प्राप्ती-यंत्राने वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घ्यावा आणि सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून ऐंशी टक्क्यांच्या पुढे भरू नये. उष्णतेने द्रव प्रसरण पावतो, त्याला जागाच उरली नाही तर दाब झपाट्याने चढून सिलिंडर फुटू शकते. वेगवेगळे वायू एकाच सिलिंडरमध्ये मिसळले तर ते पुन्हा वापरता येत नाहीत. नळ्यांतून नायट्रोजन खेळवून मगच ज्योत लावावी. जोड पूर्ण झाल्यावर दाबनियामकातून नायट्रोजन भरून गळती तपासावी. ऑक्सिजनने दाब देण्याची चूक कधीही करू नये, कारण संपीडकातील तेल व दाबाखालील ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. शेवटी निर्वात-पंप चालवून दाब अर्धा मिलिमीटर पाऱ्याच्या खाली आणावयाचा. ३० अंश तपमानास पाणी सुमारे ४२ मिलिबार दाबाखाली उकळते, म्हणून त्याहून बराच कमी दाब दीर्घकाळ ठेवल्याशिवाय नळ्यांतील ओल निघत नाही. संपीडकानेच हवा ओढून घेण्याची युक्ती प्रोपेनच्या यंत्रात विशेष धोक्याची, कारण तो हवा व ज्वालाग्राही वायू यांचे मिश्रण दाबू लागतो. यानंतर वायू वजनाने भरावा.

यांतील निर्वात करणे व दाब तपासणे याच पायऱ्या बहुधा गाळल्या जातात, आणि त्याला नुसते अज्ञान कारणीभूत नाही. दुरुस्तीचे पैसे भरलेल्या गॅसचे मिळतात, काढून घेतलेल्या गॅसचे नव्हे. दुसरे असे, की टाकीत दूध असते. संध्याकाळच्या धारेचे दूध घेऊन लोक दारात उभे आहेत, आणि दुरुस्तीकार निर्वात-पंपाच्या काट्याकडे पाहत बसला आहे, हे दृश्य केंद्रचालकाला सहन होणे कठीण. म्हणून सकाळचे दूध टँकरने गेल्यापासून संध्याकाळचे येईपर्यंतचा वेळ दुरुस्तीसाठी राखून ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात काटा खाली उतरला नाही तर त्या दिवशीचे दूध शेजारच्या केंद्रावर पाठविण्याची व्यवस्था आधीच ठरलेली असावी लागते.