कुलपावर सही कोणाची?

बडोद्याच्या फतेगंजातल्या एखाद्या कॅफेत बसून विद्यार्थी मोबाइलवर महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा पत्ता टाकतो: एमएसयूबरोडा डॉट एसी डॉट इन. वायफाय कॅफेचं. वाटेत कुणी त्याला हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानाकडे वळवलं, तर नुसत्या डोळ्यांना ते कळायचं नाही. ही पारख ब्राउझर करतो, तीही पान दिसण्याआधी.

जोडणी होताच सर्व्हर आपलं सर्टिफिकेट पुढे करतो. त्यात वेबसाइटचं नाव, तिची सार्वजनिक किल्ली, मुदत आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची डिजिटल सही असते. यात गुपित काहीच नाही; कुणीही त्याची प्रत घ्यावी. गुपित असते ती सर्व्हरजवळची खासगी किल्ली. म्हणून ब्राउझर सर्व्हरला तिथल्या तिथे, त्या जोडणीपुरत्या मजकुरावर खासगी किल्लीने सही करायला लावतो आणि ती सार्वजनिक किल्लीने ताडून पाहतो. सर्टिफिकेटची नुसती प्रत घेऊन आलेला इथेच अडकतो. याच देवाणघेवाणीत दोघांमध्ये एक तात्पुरती गुप्त किल्ली ठरते. पुढचा पासवर्ड आणि फीचा तपशील तिनेच सांकेतिक होऊन जातो.

पण सही करणाऱ्या संस्थेची खात्री कोण देणार? तिच्या वरची संस्था, आणि असं करत साखळी मूळ संस्थेपर्यंत पोचते. विश्वासू मूळ संस्थांची यादी ब्राउझरमध्ये किंवा विंडोजसारख्या प्रणालीत आधीच भरलेली असते. आपला सगळा भरवसा या यादीवर, आणि ती उघडून पाहणारे विरळाच.

२ जुलै २०१४ रोजी गूगलला आपल्याच काही पत्त्यांची अनधिकृत सर्टिफिकेटं आढळली. ती दिली होती भारत सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने. एनआयसीच्या वर मूळ संस्था होती भारताची सीसीए, म्हणजे अशा संस्थांची सरकारी नियंत्रक, आणि ती मायक्रोसॉफ्टच्या यादीत होती. त्यामुळे विंडोजवरच्या इंटरनेट एक्सप्लोररने ही सर्टिफिकेटं खरी मानली असती. स्वतःची वेगळी यादी बाळगणाऱ्या फायरफॉक्सने मानली नसती. दुसऱ्याच दिवशी सीसीएने एनआयसीची सगळी मधली सर्टिफिकेटं रद्द केली. गूगलने पुढे जाऊन क्रोममध्ये सीसीएची सही मोजक्या सात पत्त्यांपुरतीच मान्य करायचं ठरवलं. त्यांत गव्ह डॉट इन होतं, भरूचच्या जीएनएफसी या खत कंपनीच्या एनकोड या विभागाचा पत्ता होता (हो, खत कंपनीच!) आणि एसी डॉट इनही होतं. ज्यात बडोद्याचं विद्यापीठ येतं, ते हेच एसी डॉट इन.

आता पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हाबद्दल. सर्टिफिकेट एवढंच सांगतं की पत्त्याच्या पट्टीतलं नाव ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्याशीच तुम्ही बोलताय. तो माणूस सचोटीचा आहे असं ते म्हणत नाही. भामट्यानेही बँकेसारखं दिसणारं नाव विकत घ्यावं, त्याचं सर्टिफिकेट फुकट मिळवावं आणि कुलूप मिरवावं. क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकलं, आणि बरंच केलं.

मग नावावरच पहारा बसवायचा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इन या पत्त्यावर जायला सांगितलं. ही नावं फक्त बँकांना मिळतात, हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडून. महाराजा सयाजीरावांनी १९०८ मध्ये स्थापलेल्या बँक ऑफ बडोदाचा पत्ताही आता बँक डॉट इननेच संपतो.