पन्नास वॉटचं रेडिओ स्टेशन

साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला रेडिओ 90.4 वर लावला की 'माणदेशी तरंग वाहिनी' लागते. हे सामुदायिक केंद्र 2008 पासून या दुष्काळी पट्ट्याशी त्याच्याच बोलीत बोलतंय.

त्याच वर्षी, त्याच 90.4 वर तेलंगणातल्या झहीराबादजवळ 'संघम रेडिओ' सुरू झाला. तो दलित शेतकरी बायका चालवतात, आणि बियाणं, भरडधान्यं, पेरणी असे त्यांचे विषय असतात. दोन केंद्रं, एकच फ्रिक्वेन्सी, तरीही एकमेकांत घोळ नाही. कारण दोघांचेही सिग्नल एकमेकांपर्यंत पोहोचतच नाहीत!

सामुदायिक केंद्राचा ट्रान्समीटर साधारण 50 वॉटचा असतो, जुन्या पिवळ्या बल्बाइतका. अँटेनातून निघणारी प्रभावी शक्ती 100 वॉटपर्यंत आणि अँटेनाची उंची सहसा 30 मीटरपर्यंत. खरा खेळ या उंचीचा. एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. सपाट माळावर सिग्नल दहा किलोमीटरच्या आसपास छान येतो, पण मध्ये डोंगर आला की अलीकडच्या वाडीत खणखणीत आवाज आणि पलीकडे नुसती खरखर. म्हणून वॉट वाढवण्याआधी अँटेना उंच जागी नेणं जास्त कामाचं.

सेवाभावी संस्थांना अशी केंद्रं काढायची मुभा 2006 च्या धोरणाने मिळाली. त्याआधी ती शिक्षणसंस्थांपुरती होती. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' 107.4 वर ऐकू येते. पुण्यात असाल तर जरूर लावून बघा, आणि कुठल्या पेठेपर्यंत स्वच्छ येते तेही सांगा.