उपनगर ते नगर (लेखांक ६) : टायसन्सचे रस्ते

वॉशिंग्टनच्या पश्चिमेला, व्हर्जिनिया राज्यातील फेअरफॅक्स काउंटीत असलेले टायसन्स हे कायद्याच्या दृष्टीने शहर नाही. त्याला महापौर नाही, नगरपालिका नाही आणि स्वतःचा अर्थसंकल्पही नाही. काउंटीचे निर्वाचित पर्यवेक्षक मंडळच त्याचा कारभार पाहते आणि त्या मंडळाच्या तीन मतदारविभागांच्या सीमारेषा टायसन्सच्या पोटातून जातात. (काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्याकडील जिल्ह्यासारखा घटक, मात्र स्वतः मिळकत कर लावणारा आणि बांधकामांचे नियम ठरवणारा.) तरीही कार्यालयीन जागेच्या बाबतीत टायसन्स अमेरिकेतील अनेक नामवंत शहरांच्या मध्यवर्ती भागांना मागे टाकते. मोटारींसाठी घडलेल्या उपनगरातून पायी फिरता येईल असे नगरकेंद्र घडवण्याचा जो प्रयत्न येथे २०१० पासून चालू आहे, त्याच्याइतक्या मोठ्या प्रमाणावरील दुसरा प्रयत्न अमेरिकेत क्वचितच झाला असेल. निवास, व्यापार आणि कार्यालये यांना कायद्याने वेगवेगळ्या पेट्यांत कोंबणारी क्षेत्रविभागणी कशी रुजली, हे मागील लेखांकात पाहिले. ती उलगडू जाताना काय हाती येते आणि काय निसटते, हे टायसन्समध्ये सविस्तर पाहता येते.

एकोणिसाव्या शतकात विल्यम टायसन या जमीनदाराच्या नावाने ओळखली जाणारी ही जागा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शेतांमधला एक तिठा होती. १९६२ मध्ये पश्चिमेला डलेस विमानतळ सुरू झाला, १९६४ मध्ये राजधानीभोवतीचा वर्तुळाकार द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, आणि राज्य मार्ग ७ व राज्य मार्ग १२३ जेथे एकमेकांना छेदतात ते ठिकाण या दोहोंच्या मध्ये सापडले. १९६८ मध्ये तेथे छताखालचा प्रचंड मॉल उघडला, १९८८ मध्ये दुसरा आला, आणि दरम्यानच्या काळात संरक्षण खात्याची कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांनी आजूबाजूचे माळ कार्यालयांनी भरून टाकले. पत्रकार जोएल गारो यांनी १९९१ साली 'एज सिटी' हे पुस्तक लिहिले तेव्हा टायसन्स हाच त्यांच्यासमोरचा ठळक नमुना होता. किमान पन्नास लाख चौरस फूट कार्यालये, सहा लाख चौरस फूट दुकाने आणि शयनगृहांपेक्षा अधिक नोकऱ्या असलेली, एका पिढीपूर्वी शहर म्हणता येईल असे काहीही जेथे नव्हते अशी जागा, अशी काठावरच्या शहराची व्याख्या त्यांनी केली होती. शयनगृहांपेक्षा नोकऱ्या अधिक, ही अट टायसन्सने जरा जास्तच पूर्ण केली : २०१०च्या सुमारास तेथे लाखाहून अधिक नोकऱ्या होत्या, आणि रहिवासी होते सुमारे १७ हजार.

या असमतोलाचा अर्थ असा की रोज सकाळी माणसांचा लोंढा मोटारींतून आत येई, संध्याकाळी तसाच बाहेर जाई, आणि रात्री उरे ती वाहनतळांची डांबरी मैदाने. पण खरी अडचण दुपारी दिसे. समोरच्या इमारतीतील उपाहारगृहात जेवायला जाण्यासाठीही माणसे मोटार काढत, आणि त्याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल; दोन इमारतींच्या मध्ये पदपथ नसे, असलाच तर तो मध्येच संपे, आणि वाटेत आठ मार्गिकांचा रस्ता आडवा येई. नियोजनाच्या परिभाषेत अशा रचनेला 'सुपरब्लॉक' म्हणतात : चारही बाजूंना मोठे रस्ते असलेला, आतून सार्वजनिक रस्ता न जाणारा प्रचंड भूखंड. असे भूखंड एकमेकांना लागून असले की सगळी वाहतूक मोजक्याच मोठ्या रस्त्यांवर येते, ते रस्ते आणखी रुंद करावे लागतात, आणि रुंद झाल्यावर ते पायी ओलांडणे आणखी कठीण होते.

हे चक्र मोडण्याची संधी मेट्रोने आणली. वॉशिंग्टनच्या मेट्रोची सिल्व्हर लाइन २६ जुलै २०१४ रोजी सुरू झाली आणि तिच्या पहिल्या टप्प्यातील पाच नव्या स्थानकांपैकी चार एकट्या टायसन्सला मिळाली. (२०२२च्या नोव्हेंबरात ही मार्गिका विमानतळावरून पुढे ॲशबर्नपर्यंत गेली.) मार्ग टायसन्समधून भुयारी न्यावा, म्हणजे वरचा रस्ता शहरासारखा घडवता येईल, अशी मागणी जमीनमालकांनी आणि रहिवाशांनी जोराने केली होती. परंतु भुयाराचा वाढीव खर्च आणि त्यामुळे केंद्राचे अनुदान हातचे जाण्याचा धोका ही कारणे देऊन राज्यपाल टिम केन यांनी २००६ मध्ये बहुतांश उन्नत मार्गाच्या बाजूने कौल दिला. त्या निर्णयाचे ओझे आज नजरेला पडते : मार्ग ७च्या मधोमध काँक्रीटच्या खांबांची रांग उभी आहे, स्थानके रस्त्याच्या वर आहेत, आणि प्रवाशाला पादचारी पुलावरून एका बाजूला उतरावे लागते. अनुदानाची भीती खरी होती हे मान्य केले तरी, शतकभर टिकणाऱ्या बांधकामाच्या बाबतीत काही वर्षांच्या हिशोबाने निर्णय झाला, असेच म्हणावे लागते.

रेल्वे येणार हे निश्चित झाल्यावर काउंटीने नवा विकास आराखडा तयार केला आणि २०१०च्या जून महिन्यात तो मंजूर झाला. २०५० पर्यंत टायसन्समध्ये एक लाख रहिवासी आणि दोन लाख नोकऱ्या असाव्यात, आणि एकूण वाढीपैकी तीनचतुर्थांश वाढ स्थानकांपासून अर्ध्या मैलाच्या आत व्हावी, हे त्याचे उद्दिष्ट होते. त्यासाठी वापरलेले मुख्य साधन महाराष्ट्रातील वाचकाच्या चांगल्या परिचयाचे आहे : चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजेच एफएसआय. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल हे ठरवणारा हा आकडा स्थानकापासून पाव मैलाच्या आत टायसन्सने जवळजवळ मोकळा सोडला. कार्यालयांवर तेवढी अडीचाची मर्यादा ठेवली, जेणेकरून वाढीव बांधकामात घरांना वाटा मिळावा. नव्या निवासी इमारतींतील पाचव्या हिश्श्याची घरे मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडणाऱ्या दरात द्यावीत, अशी अपेक्षाही त्यात होती. 'मिश्र वापर' ही संज्ञा ऐकायला सौम्य वाटते, परंतु तिचा व्यवहारातला अर्थ हाच : ज्या इमारतीच्या तळमजल्यावर किराणा दुकान आहे तिच्या वर माणसे राहतात आणि शेजारच्या इमारतीत कामाला जातात, हे बेकायदा राहू नये.

वाहनतळांबाबतचा बदल तितकाच मूलगामी होता, जरी त्याची चर्चा कमी झाली. अमेरिकी उपनगरांत हजार चौरस फूट कार्यालयामागे तीन-चार मोटारींची जागा ठेवण्याची सक्ती सर्रास असते, आणि गाडी वळवण्याची जागा धरून एका मोटारीला सुमारे तीनशे चौरस फूट लागतात. म्हणजे माणसांना जितकी जागा, तितकीच किंवा त्याहून अधिक जागा गाड्यांना. टायसन्सच्या नव्या नियमांनी स्थानकांजवळच्या कार्यालयांसाठी ही किमान अट काढून टाकली आणि तिच्या जागी कमाल मर्यादा आणली. पूर्वी ज्या विकसकाने कमी वाहनतळ दिले तो नियम मोडत होता, आता ज्याने जास्त दिले तो मोडतो. भारतातील महानगरांच्या विकास नियंत्रण नियमावल्या वाहनतळाची किमान अट वाढवत नेत असताना हा उलटा प्रवास लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आराखड्याचा सर्वांत अवघड भाग मात्र इमारतींमध्ये नव्हताच. मोठमोठ्या भूखंडांचे तुकडे करून त्यांच्या मधून ४०० ते ६०० फुटांवर छेदणारे छोटे रस्ते काढावेत, म्हणजे चालणाऱ्याला दर दोन-तीन मिनिटांनी वळण्याची मुभा मिळेल, अशी जाळीदार रचना त्यात कल्पिली होती. पण या रस्त्यांवर अधिकार कोणाचा, या प्रश्नाला व्हर्जिनियात फार विचित्र उत्तर मिळते. १९३२च्या बर्ड रोड कायद्यानुसार या राज्यातील काउंट्यांचे रस्ते राज्य सरकारने आपल्याकडे घेतले, आणि आर्लिंग्टन व हेनरिको या दोन काउंट्या वगळता ती व्यवस्था आजही कायम आहे. मंदीच्या काळात खेड्यापाड्यांतील काउंट्यांना रस्त्यांचा खर्च झेपत नव्हता, म्हणून केलेली ही सोय होती. त्या वेळी फेअरफॅक्समध्ये दुग्धव्यवसाय चालत असे. ऐंशी वर्षांनी त्याच काउंटीला नगर उभारायचे ठरवल्यावर असे आढळले की कोणती इमारत कोठे आणि किती उंच असावी हे ती ठरवू शकते, पण तिच्या दारासमोरील रस्त्याची मार्गिका किती रुंद असावी, कडेला झाड लावावे की नाही, नाक्यावरचे वळण किती काटकोनी असावे, हे राज्याचे परिवहन खाते ठरवते.

परिवहन खात्याच्या मानकांचा रोख साहजिकच मोटारींच्या विनाअडथळा प्रवाहाकडे होता. रुंद मार्गिकेत वेग वाढतो. नाक्यावरील वळणाची गोलाई मोठी ठेवली की गाडी वेग न कमी करता वळते आणि पादचाऱ्याला ओलांडावे लागणारे अंतर वाढते. पदपथ आणि रस्ता यांच्यामधील झाड हे भरकटलेल्या गाडीच्या दृष्टीने धोकादायक अडथळा ठरते. शहरी रस्त्यासाठी या प्रत्येक गोष्टीचे उलट हवे असते. अखेर २०११ मध्ये काउंटी आणि परिवहन खाते यांच्यात करार होऊन टायसन्सपुरती वेगळी रस्ता-मानके स्वीकारली गेली, ज्यांत अरुंद मार्गिका, रुंद पदपथ, झाडांच्या रांगा आणि सायकलींसाठी जागा यांना मान्यता मिळाली. टायसन्सवर लिहिणारे बहुधा उंच मनोऱ्यांची छायाचित्रे छापतात. पण त्या मनोऱ्यांच्या तळाशी माणूस चालू शकतो की नाही, हे या रुक्ष कराराने अधिक ठरवले.

तरीही जाळे कागदावरून जमिनीवर उतरण्याचा वेग काउंटीच्या हाती राहिला नाही. सुमारे २,१०० एकरांचे टायसन्स अनेक मालकांमध्ये विभागलेले आहे, आणि आतले बहुतेक नवे रस्ते ज्याच्या त्याच्या भूखंडातून, तो मालक पुनर्विकासाला तयार होईल तेव्हाच निघतात. व्हर्जिनियात क्षेत्रबदलाची परवानगी मागणारा विकसक 'प्रॉफर' नावाची स्वेच्छेची पण मंजुरीनंतर बंधनकारक ठरणारी हमी देतो. टायसन्समधील अंतर्गत रस्ते, उद्याने आणि इतर सार्वजनिक सुविधा अशाच हमींतून आल्या आहेत. सर्वांनी मिळून उचलायच्या मोठ्या कामांसाठी २०१३ मध्ये टायसन्समधील मिळकतींवर वेगळा परिवहन कर बसवण्यात आला. पण ज्या मालकाची जुनी, बैठी, वाहनतळाने वेढलेली इमारत चांगले भाडे देत आहे, त्याला ती पाडण्याची घाई का असावी? परिणामी एका मालकाने आपल्या हद्दीपर्यंत सुरेख रस्ता आणून ठेवला आहे आणि पुढची हद्द अजून जुन्याच अवस्थेत आहे, अशी दृश्ये टायसन्समध्ये वारंवार दिसतात.

ग्रीन्सबरो स्थानकाजवळ २०१९ मध्ये उघडलेले 'द बोरो' हे संकुल घरे, कार्यालये, किराणा आणि चित्रपटगृह यांना खऱ्याखुऱ्या रस्त्यांभोवती मांडते, आणि तेथे संध्याकाळी माणसे पायी हिंडतात. कॅपिटल वन बँकेने मॅक्लीन स्थानकाजवळ ४७० फूट उंचीचे मुख्यालय, मोठे किराणा दुकान आणि २०२१ मध्ये सुरू झालेले सभागृह उभारले. ही दोन्ही ठिकाणे आपापल्या आत उत्तम चालतात. एकातून दुसऱ्याकडे पायी जाणे मात्र अजूनही कष्टाचेच आहे, कारण मध्ये वर्तुळाकार द्रुतगती मार्ग आणि जुने भूखंड येतात. वर्तुळाकार द्रुतगती मार्गावरून पादचारी आणि सायकलस्वारांसाठी स्वतंत्र पूल २०२२ मध्ये झाला, ही त्या दृष्टीने कोणत्याही मनोऱ्याहून मोठी भर होय.

एफएसआय वाढवला की शहर आपोआप घडते, या समजुतीला टायसन्सचा अनुभव पाठिंबा देत नाही. २०२०च्या जनगणनेत टायसन्स म्हणून आखलेल्या क्षेत्राची लोकसंख्या सुमारे २६ हजार होती. दहा वर्षांपूर्वी ती २० हजारांच्या आत होती. ही वाढ लहान नाही, पण लाखाच्या उद्दिष्टाच्या मानाने ती मंद आहे. पुढे महासाथीनंतर घरून काम करण्याची पद्धत रुजली आणि कार्यालयांची मागणी घटली, त्यामुळे ज्या कार्यालयीन इमारतींच्या नफ्यावर रस्ते-उद्यानांच्या हमी उभ्या होत्या त्यांचे गणितही ढिले झाले. गंमत अशी की घरांना उत्तेजन देण्यासाठी कार्यालयांवर घातलेल्या मर्यादेची आता फारशी गरजच उरलेली नाही.

याच काउंटीत, याच मेट्रोमार्गावर, रेस्टन हे वेगळे उदाहरण उभे आहे. रॉबर्ट सायमन यांनी १९६४ मध्ये स्थापलेल्या या नियोजित वसाहतीचे नगरकेंद्र १९९० मध्ये मोकळ्या जमिनीवर उघडले. पदपथाला लागून असलेली दुकाने, चौक आणि वरचे मजले हे सारे एकाच वेळी, एकाच योजनेतून बांधले गेल्याने ते पहिल्या दिवसापासून चालण्याजोगे होते. २०१७ मध्ये तेथील मालकांनी वाहनतळासाठी पैसे आकारायला सुरुवात केली तेव्हा दुकानदार आणि रहिवासी यांनी मोठा विरोध केला, आणि त्यातून एक गोष्ट उघड झाली की त्या सुंदर पदपथांवर चालणारे बहुतेक लोक तेथपर्यंत मोटारीनेच येत होते. रेस्टनचे केंद्र चालण्याजोगे झाले. त्याच्याभोवतीचे उपनगर झाले नाही. टायसन्सने उलट, संपूर्ण उपनगरच बदलायला घेतले आहे, म्हणून त्याची प्रगती ओबडधोबड दिसते, आणि म्हणूनच तिचे मोल अधिक आहे.

पुढील लेखांकात कोलोरॅडोतील लेकवूडकडे वळायचे आहे. १९६६ मध्ये बांधलेला व्हिला इटालिया हा मॉल तेथे पाडला गेला, आणि त्याच्या सुमारे १०४ एकरांच्या जागेवर एकाच विकसकाने नगरपालिकेच्या साथीने रस्त्यांची संपूर्ण जाळी आधी आखून बेल्मार हे नगरकेंद्र उभारले, ज्याचा पहिला टप्पा २००४ मध्ये खुला झाला.