एकाच दिवशी दोन गड

पहाटे ५ : दसरा, १२ ऑक्टोबर २०२४. आम्ही बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाची वाट धरतो. संत नगद नारायण महाराजांचा हा गड. लोक याला धाकटी पंढरी म्हणतात. आज इथं मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील यांचा मेळावा आहे आणि आजच सावरगाव घाटला, भगवान भक्तीगडावर, भाजपच्या नेत्या पंकजा मुंडे यांचा. तिकडं आमच्या वाहिनीची दुसरी टीम गेली आहे.

सकाळी ८ : तिकडच्या सहकाऱ्याशी फोन. विधानसभेची आचारसंहिता तोंडावर आहे. उमेदवारांना एका मंचावर बसवून जाब विचारायची रीत आपल्याकडं रुजली नाही. वाद या सभेतून त्या सभेत जातो आणि मधले निरोपे आम्ही. निरोप्यानं पदरचं घातलं, की भांडण गावात शिरतं. लोकसभेला बीडचा निकाल ६,५५३ मतांनी लागला. मराठा आणि ओबीसी समाजांत तेव्हा वाढलेली तेढ अजून निवळलेली नाही.

सकाळी ११ : कॅमेरा मंचासमोर खाली लावला तर थोडी माणसंही अथांग दिसतात. ड्रोन मागच्या टोकाला नेला तर भरलेलं मैदानही विरळ वाटतं. म्हणून दोन्ही गडांवर तीच उंची, तोच कोन. लाखांचा आकडा सांगायचा तो ‘आयोजकांचा दावा’ म्हणूनच.

दुपारी १ : भाषण. टाळ्यांच्या वाक्यापेक्षा मागणी टिपून घेतो. सोयाबीनची काढणी टाकून आलेल्या मावशी म्हणतात, “भाऊ, गर्दी दाखवता तसं आमच्या पोराच्या फीचं बी दाखवा.” त्यांचा बाइट घेतो.

दुपारी ४ : पॅकेज लिहितो. कुणबी नोंद सापडलेल्यांच्या सगेसोयऱ्यांनाही कुणबी दाखला देण्याच्या अधिसूचनेचा जानेवारीतला मसुदा अंतिम झालेला नाही. फेब्रुवारीत विधिमंडळानं मराठा समाजाला स्वतंत्र १० टक्के आरक्षण दिलं. कुणबी दाखल्यांना ओबीसी संघटनांचा आक्षेप आहे. एवढं सांगितल्याशिवाय दोन्हीकडची भाषणं अर्धीच कळतात.

सायंकाळी ६ : डेस्कला पट्टीवर ‘डरकाळी’ हवी आहे. “साहेब, इकडं डरकाळी आणि तिकडं नुसतं भाषण, असं नको. दोन्हीकडं मागणी काय, तेच लिहू.” साहेब मान्य करतात.

रात्री ९ : बुलेटिन पाहतो. वेळ दोघांना सारखा आहे, पण सावरगावच्या शेतकऱ्याचा बाइट गळला आहे. फोन करून पुढच्या बुलेटिनला घालायला लावतो. आता उमेदवार ठरतील, सभा वाढतील. दोन्ही गडांवरची बरीच माणसं याच जिल्ह्यात राहतात, एकाच बाजारात कापूस नेतात. एकमेकांचं म्हणणं त्यांच्यापर्यंत न मोडता पोचवणं हे आमचं काम आहे.